इर्शाळची चढण

आमच्या पेण-रोह्याकडे संकट म्हटलं की पाणी. रोह्याला मामाकडे कुंडलिका फुगली की आधी तांदळाची पोती माळ्यावर जायची. जुलै 1989 चा अंबेचा पूर नागोठणं, जांभूळपाडा अजून विसरलेलं नाही. त्यामुळे मदतीला येणारा माणूस आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो होडी नाहीतर दोर घेऊनच.

19 जुलै 2023 च्या रात्री मात्र शेजारच्या खालापूर तालुक्यात डोंगरच खाली आला. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी मातीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. भर पावसात, काळोखात पोलीस, अग्निशमनवाले, डोंगर फिरणारी पोरं, सगळे पायीच वर निघाले. त्यांत नवी मुंबई अग्निशमन दलाचे अधिकारी शिवराम ढुमणे होते. चढतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यात बसलो होतो. अधिक श्रावण नुकताच लागलेला, कामाची घाई. पण कुणाचा हात चालेना. सगळे मोबाइलला चिकटलेले. घासकाम करणारा एक पोरगा म्हणाला, "काका, ते तर वर पोचलेच नाय. मग वाचवला कुणाला?"

पोरगा वाईट नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मला त्याचा रागही आला नि पटकन उत्तरही सुचलं नाही. आपण मेलेल्याचाही हिशोब मागतो.

अरे, तिथे वर पोचणं हेच निम्मं काम होतं. जेसीबी चढला नाही, हवा खराब म्हणून हेलिकॉप्टर उडालं नाही. जी काय माती उपसली ती फावड्या-घमेल्यांनी, माणसांच्या हातांनी. आणि ते हात आधी पायांनी वर न्यावे लागले. 23 जुलैला शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते, 57 माणसं बेपत्ताच राहिली.

ती छातीवरची चढण मला ठाऊक आहे. मागे एकदा इर्शाळगडाला गेलो होतो. हिवाळा, कोरडी वाट, उजेड, हात रिकामे. तरी तीनदा दगडावर बसलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली वाडीतली एक म्हातारी बाजूने वर गेली नि हसून म्हणाली, "दम खा, भाऊ. घाई कसली?"