आंबट पाणी

म्हसवड हे माणगंगेच्या काठचे गाव. नदीच्या नावात गंगा असली, तरी वर्षाचा बराच काळ तिच्या पात्रात पाण्याहून वाळूच अधिक दिसत आली आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस माणदेशापर्यंत पोहोचता पोहोचता थकून जातो. म्हणूनच येथल्या रानात बाजरी, मटकी आणि हुलगा यांचे राज्य. आणि बांधावर ज्याला कोणी पाणी घालत नाही असे एखादे चिंचेचे झाड.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला श्रीसिद्धनाथाचा रथ निघतो. त्या यात्रेसाठी दूरदूरची माणसे गावी परततात. एका घरचा धाकटा मुलगाही असाच परतला होता. तो मालवाहू जहाजावर खलाशी होता. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागे, तेथल्या मुलाने पाण्यावरच पोट भरावे, हे नवलच! पण त्याच्या आईला त्याचे कौतुक नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले, तेव्हा तो भर समुद्रात होता. जहाज बंदराला लागून तो घरी पोहोचेपर्यंत दिवसकार्यही उरकून गेले होते. आई त्याला त्याबद्दल कधी एका शब्दाने बोलली नाही. मात्र त्या दिवसापासून तिने जहाजाविषयी त्याला काही विचारलेही नाही. घरात तो विषय निघाला, की ती उठून परसात जाई.

यात्रा झाली आणि आई तापाने पडली. ताप चार दिवसांत उतरला. तोंडाची चव मात्र परत येईना. भाकरीचा तुकडा ती नुसता चघळून बाजूला ठेवी. सहावीत शिकणारी नात ताट घेऊन जाई आणि तसेच परत आणी.

"आज मी करतो काहीतरी," मुलगा म्हणाला. नातीला हसू आले. काकाला चुलीपुढे बसलेला तिने कधी पाहिलाच नव्हता.

काकाने तिला बांधावर नेले. चिंचा अजून हिरव्या होत्या. ओंजळभर चिंचा घेऊन दोघे परतले. काकाने त्या धुऊन पाण्यात उकळत ठेवल्या. साली फुटून गर मऊ झाल्यावर त्याने त्या डावाने चेचल्या आणि ते पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून घेतले. दुसरीकडे अळकुड्या, मुळा, वांगी आणि चवळीच्या शेंगा चिरून ठेवल्या.

"आता तांदळाचे धुवण दे," तो म्हणाला.

नात गोंधळली. पाहुण्यांसाठी आणून ठेवलेल्या तांदळांतले मूठभर तिने नुकतेच धुतले होते आणि ते पांढरे पाणी मोरीत ओतून दिले होते. "ते कशाला ठेवायचे?" तिने विचारले.

"ज्यांनी मला हे शिकवले, ते ठेवतात."

मग तांदूळ पुन्हा धुतले गेले. दुसरे धुवण जरा पातळ असते खरे, पण काका म्हणाला, की फिलिपीन्समधल्या कित्येक घरांत हेच दुसरे पाणी मुद्दाम राखून ठेवतात. तांदळाच्या पिठूळपणाने रश्शाला अंगचा दाटपणा येतो.

फिलिपीन्स हा पूर्वेकडचा हजारो बेटांचा देश. जगभरच्या जहाजांना खलाशी पुरविणाऱ्या देशांत तो फार पुढे आहे. भारतही त्यात मागे नाही. काकाच्या जहाजावरचा स्वयंपाकी, ज्याला आपले खलाशी भंडारी म्हणतात, तो त्या देशाचा होता. त्याच्या घरच्या या आंबट रश्शाचे नाव सिनिगांग. त्यात मासा, कोळंबी किंवा मांस घालतात, आणि आंबटपणासाठी कोठे कैरी, कोठे पेरू, कोठे बिलिंबी. पण बहुतेक ठिकाणी चिंच. चिंचेला त्यांच्या तागालोग भाषेत साम्पालोक म्हणतात. मनिला शहराच्या एका भागाचे नावही साम्पालोक आहे.

चिंचेचा प्रवास तर खलाशालाही लाजवील असा. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. भारतात ते इतक्या जुन्या काळी रुजले, की परक्यांना ते येथलेच वाटले. अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदचा खजूर, म्हटले आणि त्यावरूनच इंग्रजांनी तिचे नाव घेतले. आपल्याकडे मात्र बांधावरच्या चिंचेला तिचे गाव कोणी विचारीत नाही!

आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती, म्हणून काकाने मासा वगळला. धुवणाला उकळी आल्यावर कांदा, टोमॅटो, अळकुड्या आणि मुळा टाकला. मग वांगी, शेंगा आणि दोन हिरव्या मिरच्या. नात चिंचेचे पाणी ओतायला पुढे सरसावली, तोच माजघरातून आवाज आला :

"आत्ताच नगं! आंबट आधी पडलं, तर मुळा शिजायचा न्हाई."

दोघेही थबकले. आई उठून दाराशी येऊन बसली होती. तिचे म्हणणे खरे होते. आंबटात भाजी आणि डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणूनच जाणती बाई आमटीत चिंच शेवटी घालते. काकाने भाज्या शिजू दिल्या, मग चिंचेचे पाणी आणि मीठ घातले, आणि शेवटी पालकाची पाने टाकून पातेले उतरविले.

आईने वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला, मग दुसरा. नात तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"लसूण न्हाई व्हय यात?" आई म्हणाली. "आन् हुलग्याचं कढण घातलं असतंस, तर ताकद आली असती. तांदळाच्या पाण्यात काय हाय?"

पण वाटी तिने खाली ठेवली नाही. घोटाघोटाने पीत ती नातीला सांगू लागली. १९७२ च्या दुष्काळात ती नुकतीच या घरात आली होती. दिवसभर कामावर खडी फोडायची. तेथे सुकडी मिळे. रात्री घरी हुलगे शिजत. शिजलेले हुलगे मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या ताटात जात. उरलेल्या कढणात चिंच, मीठ आणि असला तर लसूण घालून ते थोरली माणसे पीत. "तुझा आजा म्हनायचा, ह्ये आंबट पानी हाय म्हून भाकरी किती कमी हाय, ते कळत न्हाई."

नात मोरीकडे पाहून गप्प बसली.

वाटी रिकामी झाली. आईने ती पुढे केली, आणि काका तीत वाढू लागला तेव्हा तिने विचारले, "जहाजावर तुला ह्ये कोन करून घालत हुतं?"

दोन वर्षांत तिने जहाजाचे नाव प्रथमच काढले होते. काकाचा हात क्षणभर थांबला.

"भंडारी. बाबा गेल्याचा निरोप आला, त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने हे केले आणि माझ्या खोलीत घेऊन आला. त्याला आपली भाषा येत नव्हती. मी वाटी संपवीपर्यंत तो नुसता दाराशी बसून राहिला."

आई बराच वेळ काही बोलली नाही. परसात कोंबड्या कुडकुडत होत्या. तिने पदराने तोंड पुसले, मग डोळे पुसले.

"त्या पोराला आई हाय का?"

"आहे. मनिलाजवळ एका गावात राहते."

"मग त्योबी घरापासनं लांबच की," ती म्हणाली, आणि नातीकडे वळली. "पोरी, फडताळात औंदाचं हुलगं हायती. शेरभर निवडून घे, खडा ऱ्हाऊ देऊ नगंस. काका जाताना पुरचुंडी बांधून द्यायची. आन् चिंच वाळंपर्यंत थांबायला सांग त्याला."

"चिंच वाळायला फाल्गुन उजाडेल, आई," काका हसून म्हणाला. "माझी रजा संक्रांतीपर्यंतच आहे."

"मग गेल्या सालची दे," आई म्हणाली, आणि वाटी तिसऱ्यांदा पुढे केली.