विटा झेलणारे हात

माझे वडील गवंडी आहेत. हें वाक्य लिहिणें मला सोपें गेलें असें नाहीं. गेल्या वर्षीं शाळेच्या एका अर्जांत वडिलांच्या धंद्यापुढें मीं 'बांधकामाचे ठेकेदार' असें लिहिलें होतें. वडिलांनीं तो अर्ज सावकाश वाचला, खालीं सही केली, आणि कांहीं एक न बोलतां माझ्या हातीं दिला.

त्याच सुमारास अमेरिकन फुटबॉलमधील विख्यात खेळाडू जेरी राइस याची हकीकत माझ्या वाचनांत आली. त्या खेळाचा आपल्या फुटबॉलशीं नांवापलीकडे फारसा संबंध नाहीं. तेथील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळ हातांतच खेळविला जातो. क्वार्टरबॅक तो दूरवर फेंकतो. रांगेच्या कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर धांवत सुटतो आणि प्रतिपक्षाचे गडी अंगावर येत असतां तो झेलतो. राइस हा वाइड रिसीव्हर होता.

त्याचा जन्म १९६२ सालीं मिसिसिपी राज्यांत झाला. क्रॉफर्ड या खेड्यांत तो वाढला. वडील गवंडी! हा शब्द वाचतांच मीं पान मिटलें व पुन्हां उघडलें. उन्हाळ्यांत तो व त्याचे भाऊ वडिलांच्या हाताखालीं राबत. भाऊ खालून विटा फेंकीत आणि हा परांचीवर उभा राहून त्या झेली. शाळेंतील त्याच्या खेळाचा आरंभहि मौजेचा आहे. वर्ग चुकवून भटकत असतां उपमुख्याध्यापकांनीं त्यास मागून हटकलें, तेव्हां तो असा पळाला कीं, त्यांनीं त्यास शिक्षा तर केलीच, परंतु त्याच्या पायांची वार्ता फुटबॉलच्या शिक्षकांसहि कळविली. (आमच्याकडे पहिली गोष्ट तेवढी झाली असती.)

नामांकित विद्यापीठांनीं त्यास विचारलें नाहीं. इट्टा बेना येथील मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहानशा, मुख्यत्वें कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या विद्यापीठांत तो गेला. तेथें आर्ची कूली हे शिक्षक व विली टॉटन हा क्वार्टरबॅक लाभला. १९८४ च्या एका हंगामांत राइसनें झेल घेऊन २७ टचडाउन केले.

तिकडे धंदेवाईक संघ दरवर्षीं नवे खेळाडू आळीपाळीनें निवडतात; दुबळ्या संघास आधीं व विजेत्यास शेवटीं संधि मिळते. सान फ्रान्सिस्कोचा संघ विजेता असल्यामुळें त्याची पाळी २८ वी होती. परंतु संघाचे शिक्षक बिल वॉल्श यांची दृष्टि राइसवर खिळली होती. त्यांनीं न्यू इंग्लंडच्या संघाशीं सौदा करून १६ वी पाळी मिळविली व १९८५ सालीं त्यास घेतलें. त्यापूर्वींच दोन वाइड रिसीव्हर इतरांनीं निवडले होते.

आणि मग, ज्यासाठीं एवढा खटाटोप झाला, त्याच हातांतून चेंडू सुटूं लागले! प्रेक्षक हुर्यो उडवूं लागले. खरें सांगावयाचें तर, त्याच्या पुढील पराक्रमांपेक्षां हे सुटलेले चेंडूच मला अधिक जवळचे वाटले. डिसेंबर १९८५ मध्यें लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाविरुद्ध त्यानें १० झेल घेऊन २४१ यार्ड मिळविले. सामना त्याच्या संघानें गमावला, पण हुर्यो थांबली. २० हंगामांनंतर त्याच्या नांवावर १,५४९ झेल होते.

दिवाळीच्या सुटींत मी वडिलांच्या कामावर गेलों आणि परांचीवर चढलों. पहिली वीट निसटून खालीं गेली. दुसरीनें बोट ठेंचलें. वडील खालून ओरडले, "अरे, तिला अडवूं नकोस! ती येईल तसे हात थोडे मागें ने." सायंकाळपर्यंत तळहात सोलून निघाले, पण बऱ्याच विटा हातीं राहिल्या.

या वर्षीं पुन्हां तोच अर्ज आला. धंद्याचा रकाना मीं वडिलांकडूनच भरून घेतला. त्यांचें अक्षर मोठें आहे. 'गवंडी' हा शब्द रेघेबाहेर गेला.