तेल, पाणी आणि हेलकावे : महासागर ओलांडणाऱ्या मोटारनौकांची घडण

छोट्या नौकेने इंजिनाच्या बळावर महासागर ओलांडायचा, तर पहिला प्रश्न तेलाचा असतो, वेगाचा नंतर. वारा वाटेत फुकट मिळतो, डिझेल मिळत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरे लाकडात, पोलादात आणि कार्बन तंतूंत साकारली गेली, त्यांतली काही मोठी देखणी आहेत, काही विक्षिप्त. हा धागा त्या नौकांविषयी आणि त्यांच्या रूपाची जी किंमत मोजली गेली तिच्याविषयी.

आरंभ १९०२ चा. ‘एबिएल ॲबट लो’ नावाची ३८ फुटी नौका न्यूयॉर्कहून निघाली आणि ३६ दिवसांनी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात पोहोचली. आत १० अश्वशक्तीचे रॉकेलवर चालणारे इंजिन, आणि माणसे दोनच : विल्यम न्यूमन आणि त्याचा किशोरवयीन मुलगा. प्रवासाचा हेतू इंजिनाची जाहिरात हा होता, आणि नौकेच्या रचनेत तो लपत नाही. इंजिन टिकले, पण वाटेत तेलाच्या टाक्या गळू लागल्या. माणसांच्या सोयीचा विचार या रचनेत सर्वांत शेवटी आलेला दिसतो.

१९३६ मध्ये मारँ-मारी या फ्रेंच चित्रकाराने ‘आरिएल’ नावाच्या मोटारनौकेतून एकट्याने न्यूयॉर्क ते ल आव्र हा प्रवास केला. झोपताना सुकाणू कोणी धरायचे? त्याने ते काम वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्याकडे सोपवले. इंजिनाच्या नौकेला वाऱ्याने दिशा द्यावी, ही कल्पना आजही कौतुक वाटावे अशी आहे.

या साऱ्याला शास्त्राची शिस्त लावली ती रॉबर्ट बीबी यांनी. अमेरिकी नौदलातले हे वैमानिक अधिकारी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकची अफाट अंतरे त्यांनी जवळून पाहिली होती. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः आखलेली ५० फुटी ‘पॅसेजमेकर’ सिंगापूरला थॉर्नीक्रॉफ्टच्या गोदीत बांधून घेतली आणि १९६३ मध्ये हिंदी महासागर व सुवेझमार्गे ती ग्रीसपर्यंत नेली. १९७५ च्या ‘व्हॉयेजिंग अंडर पॉवर’ या त्यांच्या ग्रंथाने या विषयाला त्याची परिभाषा दिली.

बीबींचे म्हणणे थोडक्यात असे. पाणी बाजूला सारत चालणारी नौका स्वतःच एक लाट निर्माण करते आणि त्या लाटेच्या लांबीत अडकते. जलरेषेच्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ घ्यावे, त्याला सुमारे १.३४ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे अशा नौकेची नॉटमधली व्यावहारिक मर्यादा. ४६ फूट जलरेषेला ती साधारण ९ नॉट येते. मात्र या मर्यादेजवळ जाऊ लागताच तेलाचा खप भराभर चढतो. म्हणून साडेसात नॉटच्या आसपास समाधान मानावे, आणि वाचलेल्या तेलावर शेकडो मैल अधिक जावे. पळणाऱ्या सायकलस्वारापेक्षा रमतगमत जाणारा दूर पोहोचतो, तसाच हा हिशेब.

दुसरा मुद्दा त्यांनी तितक्याच आग्रहाने मांडला. नौकेचा बाजूने दिसणारा पाण्यावरचा भाग आणि पाण्याखालचा भाग यांचे गुणोत्तर तपासावे. वरचा भाग फार वाढला की वारा नौकेला ढकलतो, आणि वर चढलेल्या वजनामुळे ती कलल्यावर सावरायला नाखूश होते. ‘पॅसेजमेकर’चा बसका, काहीसा रुक्ष चेहरा या हिशेबातून आला आहे. तिला सुंदर म्हणायला मन थोडे कचरते. विश्वासार्ह म्हणायला कचरत नाही.

उरला हेलकाव्यांचा प्रश्न. भाऊच्या धक्क्यावरून पावसाळ्याच्या तोंडावर रेवसची लाँच पकडलेल्या कोणालाही आडव्या लाटेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिडाच्या नौकेला वारा एका बाजूला दाबून धरतो. मोटारनौकेला तो आधार नसतो. बीबींनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांची युक्ती उचलून धरली : दोन्ही बाजूंना लांब दांडे पसरायचे आणि त्यांना धातूचे पंख टांगून ते पाण्यात खोल सोडायचे. नौका कलू लागली की वर ओढला जाणारा पंख तिला रोखतो. उपाय स्वस्त आणि परिणामकारक. पण पंख पाण्याला अडतात, वेग थोडा घटतो, आणि अरुंद बंदरात शिरण्यापूर्वी सारा पसारा आवरावा लागतो. बीबींच्या शिष्यवर्गात या गैरसोयीची चर्चा जरा दबक्या आवाजात होते.

खरी शोकांतिका नावाची झाली. ‘पॅसेजमेकर’ हा शब्द बाजारात रूढ झाला आणि उंच, मजल्यावर मजला चढवलेल्या किनारी नौकांनाही तो सर्रास चिकटवला जाऊ लागला. बीबींचे गुणोत्तर लावून पाहिले, तर त्यांतल्या कित्येक पहिल्याच परीक्षेत नापास होतील.

लाटेच्या मर्यादेतून सुटण्याची दुसरी वाट इंग्लंडच्या नायजेल आयरेन्स यांनी दाखवली. नौका इतकी लांब आणि अरुंद करायची की तिची स्वतःची लाट नगण्य ठरावी. तोल राखायला दोन्ही बाजूंना छोटे तरंगते हात. कोकणातल्या मच्छीमाराला उलांडीची होडी ओळखीची आहे. तत्त्व तेच, फक्त उलांडी एकाऐवजी दोन. त्यांच्या आराखड्यावर बांधलेली ३५ मीटर लांबीची ‘केबल अँड वायरलेस ॲडव्हेंचरर’ १९९८ मध्ये जिब्राल्टरहून निघून ७४ दिवस, २० तास, ५८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. रेषा तलवारीसारख्या स्वच्छ. दोष एकच, पण मोठा : एवढ्या लांबीत माणसांना राहायला जागा फारच थोडी.

हाच विचार टोकाला नेला न्यूझीलंडच्या क्रेग लूम्स यांच्या कार्यालयात आखलेल्या ‘अर्थरेस’ने. २४ मीटर लांबीची, जैवडिझेलवर चालणारी ही नौका लाटेवर चढत नसे, लाट भेदून आरपार जाई. सुईसारखी नाळ, कीटकासारखी काया, पाण्याखाली गेल्यावरही इंजिनाला हवा मिळावी म्हणून उंच उचललेली दोन शिंगे. छायाचित्र पाहताच नजर खिळते. २००८ मध्ये तिने ६० दिवस, २३ तास, ४९ मिनिटांत प्रदक्षिणा पूर्ण केली.

पण त्याआधीचा एक प्रसंग विक्रमांच्या यादीत सहसा येत नाही. मार्च २००७ मधल्या पहिल्या प्रयत्नात, ग्वाटेमालाच्या किनाऱ्याजवळ रात्रीच्या अंधारात, तिची एका लहान मासेमारी होडीशी टक्कर झाली आणि एका मच्छीमाराचा जीव गेला. चौकशीत खलाशी निर्दोष ठरले, आणि ते मान्य करायला हवे. तरीही रचनेला विचारायचा प्रश्न उरतोच. लाट भेदण्यासाठी आखलेली, पाण्यालगत धावणारी, अरुंद काचांआडून बाहेर पाहणारी नौका समुद्र रिकामा आहे असे गृहीत धरते. किनाऱ्याजवळचा समुद्र रिकामा नसतो. तिथे कोणीतरी जाळे टाकून बसलेले असते.

पुढे ही नौका ‘ॲडी गिल’ या नावाने व्हेल शिकारीविरुद्धच्या मोहिमेत दक्षिण महासागरात गेली, आणि जानेवारी २०१० मध्ये जपानी जहाजाशी झालेल्या टकरीनंतर बुडाली.

लूम्स यांच्याच कार्यालयाने आखलेली ‘तुरानोर प्लॅनेटसोलर’ त्याच वर्षी मोनाकोहून निघाली. ३१ मीटर लांब, १५ मीटर रुंद, पाठीवर ५३७ चौरस मीटर सौरपट्ट्या, पोटात काही टन बॅटऱ्या. सरासरी वेग सुमारे ५ नॉट, म्हणजे बीबींपेक्षाही संथ. तिने जगाला वळसा घातला तो ५८४ दिवसांत. इतकी रुंद नौका कोणत्या धक्क्याला लावायची, हा आक्षेप खराच आहे, आणि ढगाळ हवामानात मार्गच सूर्याला विचारून ठरवावा लागे. २०१३ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी मात्र गल्फ स्ट्रीम प्रवाहाच्या अभ्यासासाठी तिचीच निवड केली. समुद्रावरच्या हवेतले सूक्ष्म कण मोजायचे होते, आणि इतर नौकांवर त्या मोजमापात नौकेचा स्वतःचाच धूर मिसळतो.