यवतमाळहून अकोल्याकडे

कार्तिकातल्या एका सकाळी यवतमाळ सोडून दारव्ह्याच्या वाटेस लागलो, तेव्हा दोन्ही अंगांच्या शेतांत कापसाची पहिली वेचणी चालली होती. आणि ओटीत बोंडे भरीत पुढे सरकणाऱ्या बायांच्या पायांखालची ती काळी, भेगाळलेली जमीन पाहताना मला १९२२ साली अकोल्यात जन्मलेल्या चित्रकार अंबादास खोब्रागडे यांची चित्रे आठवू लागली.

अकबराच्या काळी यवतमाळ हे परगण्याचे ठाणे होते. ‘आईन-इ-अकबरी’त त्याची नोंद यवत-लोहारा अशी आहे, आणि वाटेतले लोहारा गाव त्या जोडनावाची साक्ष अद्याप देत आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा अंमल इंग्रजांकडे गेला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटून तिकडचा कापूस मँचेस्टरला पोहोचेनासा झाला, तेव्हा या मातीचे मोल सातासमुद्रापलीकडच्या गिरणीवाल्यांस एकाएकी उमगले. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेला तो अरुंद लोहमार्ग, ज्याच्या गाडीला लोक ममतेने शकुंतला म्हणत, कापसासाठीच अवतरला. दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकात आता तिची शिटी घुमत नाही.

अंबादासांचा विचार करताना त्यांच्या अगदी उलट टोकाचा एक चित्रकार आठवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडविन लॉर्ड वीक्स हा अमेरिकन चित्रकार पॅरिसात तयार होऊन हिंदुस्थानात वारंवार आला. राजेरजवाडे, हत्ती, मशिदी, गंगेचे घाट त्याने असामान्य निष्ठेने रंगविले. त्याच्या चित्रांतले ऊन अजूनही अंगाला लागते. परंतु त्याची दृष्टी नगरांच्या वैभवावर स्थिरावली.

अंबादासांची वाट उलट दिशेची. अहमदाबादेस रविशंकर रावळांकडे आणि पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेला हा वऱ्हाडी माणूस विणकर सेवा केंद्रात हातमागाच्या वस्त्रांसाठी नक्षी रेखू लागला, १९६३ साली दिल्लीत पंडित नेहरूंनी उद्घाटन केलेल्या ‘ग्रुप १८९०’ या कलावंत-गटाच्या प्रदर्शनात झळकला आणि १९७२ साली नॉर्वेत, ओस्लोस जाऊन स्थायिक झाला. त्यांच्या पटांवर माणूस नाही, झाड नाही, घर नाही. रंगांचे ओले, वळसे घेत परस्परांत गुंतणारे फटकारे मात्र आहेत, जणू नांगर नुकताच फिरून गेला आहे. अमूर्त चित्रात देखावा शोधू नये हा दंडक मला मान्य आहे. तरीही दारव्ह्यापुढच्या एका नांगरटीत उभा राहिलो तेव्हा हिमाच्या देशात बसून त्यांनी ही भूमीच उकलली, असे मला निःसंशय वाटले.

कारंजा, मूर्तिजापूर करीत अकोल्यास पोहोचेतो दिवे लागले होते. अंबादास २०१२ साली ओस्लोतच निवर्तले. वऱ्हाडातल्या शिक्षकांस माझी विनंती एवढीच आहे, की त्यांच्या चित्रांच्या प्रती वर्गात आणाव्यात, आणि मग मुलांना वेचणीच्या शेतात घेऊन जावे.