पाठीची पन्हळ

पाण्यात उतरायचा सूट किती मिलिमीटरचा घेऊ, असं मला सगळे विचारतात. तो पाठीच्या पन्हळीला चिकटतो का, हे कुणी विचारत नाही. माझं घोडं तिथंच अडलंय, आणि पन्नाशी उलटल्यापासून तर जास्तच.

आमचं काम धरणांच्या दारांपाशी. जाळीतला कचरा काढायचा, दाराची रबरं चाचपायची. मुळशीच्या काठावर लोक हमखास विचारतात, 1921 साली सेनापती बापटांनी ज्यांच्यासाठी सत्याग्रह केला ती बुडालेली गावं खाली दिसतात का? पावसाळ्यानंतर हातभरावरची जाळी दिसत नाही, तिथं गावं कुठली! म्हणून बोटं शाबूत हवीत. जाड हातमोजे घातले तर रबराची चीर कळत नाही, न घातले तर थोड्या वेळानं बोटंच कळत नाहीत.

तारकर्लीला शिकलेली पोरं 3 मिलिमीटरच्या सुटात हसत उतरतात. मुळशीचं पाणी काही बर्फाचं नाही, हे खरं. पण समुद्रात ती पाय मारत फिरलेली असतात. इथं एका जागी लटकायचं. अंगात ऊब तयार होत नाही आणि असते ती पाणी हवेच्या जवळपास 25 पट वेगानं ओढून नेतं.

मग जाड सूट घ्यावा, तर निओप्रीन म्हणजे रबरात कोंडलेले वायूचे बुडबुडे. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखलं, की अंग ओलं झालं तरी चालेल, ऊब राखतात ते बुडबुडे. फक्त 10 मीटरवर ते निम्मे होतात, 20 मीटरवर तिसरा हिस्सा उरतात. दुकानात मोजलेली जाडी दुकानातच राहते. पुण्यातले हौशी लोक तरी जाडीवरच वाद घालतात.

खरं दुखणं पाठीत. मान वर करून जाळी धरली की कमरेत कमान पडते, सूट तिच्यावरून सरळ ताणला जातो, मध्ये पोकळी. वाकलं की तिथलं तापलेलं पाणी मानेवाटे बाहेर, पुन्हा ताठ झालं की गार पाणी आत. पिचकारीच ती. मी पाठीला निओप्रीनचा तुकडा लावून पाहिला, तो घसरला. आतून बंडी घातली, पन्हळ भरली, पण काखेत आवळून हात वर जाईना. शिशाचा पट्टा पन्हळीवर कसला, तर खाली सूट दबून पट्टाच ढिला. उतरण्याआधी थर्मासातलं कोमट पाणी मानेतून ओततो. ते पहिल्या वाकण्यापुरतं. दुसराही एक उपाय सगळे पाणबुडे करतात. तो लिहिण्यासारखा नाही.

ड्रायसूट घ्या, असं सांगणारे बरेच. गंजक्या लोखंडाशी झटताना मानेचं लॅटेक्स फाटलं की तो सूट पाण्यानं भरणार, आणि इकडं दुरुस्त कोण करणार? हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. धरणावरची माणसं म्हणतात, काकांना थंडी वाजत नाही. ते ऐकायला मी डिसेंबरातही होडीत ओल्या सुटावर जॅकेट न घालता बसतो. ड्रायसूट घातला तर हे कोण म्हणेल?

आता कॅमेरे खाली सोडतात. त्यांना थंडी वाजत नाही. गढूळ पाण्यात काही दिसतही नाही; मग मला फोन येतो, आणि मी फार खूश होतो.

हल्ली पौडचा एक पोरगा हाताखाली आहे. मापाचा सूट शिवून घ्या, म्हणाला. भिंतीला पाठ टेकवून त्यानं मला उभं केलं, मागं हात घालून पाहिला आणि म्हणाला, "काका, पाठीचं काही नाही. पोट पुढं आलंय, म्हणून कमान खोल झालीय. वर जुना सूट पोटावर ताणतो, तो पाठ सोडणारच."

इतकी वर्षं मी निओप्रीनवर डोकं चालवलं होतं. मला राग आला.

त्यानं पोटाला टेप लावला तसा मी श्वास ओढून धरला.

"सोडा, काका. खाली श्वास घ्यायचाय ना?"

मी सोडला. आकडा मात्र त्याला लिहू दिला नाही. मी स्वतः लिहिला, एक इंच कमी.