जावईबापू, गिअरवर उतरा!

बर्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? यश चोप्रांची हिरॉईन, शिफॉनची साडी आणि मागे आल्प्स, हो ना? माझ्याही यायचं. पिट्सबर्गला पहिला हिवाळा काढेपर्यंत! आता बर्फ म्हटलं की आठवतो एक सरळसोट उतार, तळाशी लाल सिग्नल आणि शेजारच्या सीटवर हाताची घडी घालून शांत बसलेले माझे सासरे.

पिट्सबर्ग म्हणजे तीन नद्या, चारशेहून जास्त पूल आणि जिकडे बघाल तिकडे टेकड्या. बीचव्ह्यू भागातल्या कँटन अ‍ॅव्हेन्यूचा चढ ३७ टक्के आहे. म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की सदतीस फूट वर! काही ठिकाणी तर रस्त्याचा नाद सोडून सरळ पायऱ्याच बांधल्यात. असे सातशेहून जास्त सार्वजनिक जिने या शहरात आहेत.

आमचं घरही अशाच एका टेकडीवर. भाडं कमी, व्ह्यू झकास. ऑनसाइट आलेल्या माणसाला आणखी काय हवं? फक्त गल्लीचा उतार पंधरा टक्के होता, हॉस्पिटल नदीपलीकडे होतं आणि ऋजुताची ड्यू डेट होती २०१८च्या जानेवारीची अखेर. ऐन बर्फातली. रात्री दोनला कळा सुरू झाल्या आणि गल्ली गोठलेली असली तर? डिसेंबर लागल्यापासून माझी झोप या एका प्रश्नाने खाल्ली होती.

बाळंतपणासाठी वाईहून आई आणि आप्पा आले. आईंच्या बॅगेत डिंकाचे लाडू आणि मेतकूट. आप्पांनी काय आणलं? तर पसरणी घाटाचा अनुभव. एसटीत तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून जपून ठेवलेला. बर्फ मात्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. कौतुकाने हातात घेतला, चुरगाळला आणि म्हणाले, "पहिल्या पावसातल्या डांबराचा थोरला भाऊ दिसतोय."

आमच्याकडे इथे गाडी चालवायचं लायसन्स आप्पांकडे नव्हतं आणि त्यांनी चालवायला मागितलीही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी जाड जॅकेट चढवून, हातात खिशातली डायरी घेऊन ते गल्ली पायी उतरू-चढू लागले. चार दिवसांनी मला डायरी दाखवली. ऊन कुठे लागतं, कुठे दिवसभर सावली, कुणाच्या पागोळीचं पाणी रस्त्यावर येऊन रात्री गोठतं, सगळं लिहिलेलं! "घाट आधी पायाला कळला पाहिजे, मग चाकाला," हे वर.

ते सावलीतले पट्टे म्हणजेच इथला कुप्रसिद्ध 'ब्लॅक आइस'. नाव काळं, पण असतो पारदर्शक. खालचं डांबर दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. पूल तर रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना वरून-खालून दोन्हीकडून गार वारा लागतो.

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, परीक्षा नाही! कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.७ ते ०.८ धरतात. बर्फाच्या काचेवर ती ०.१ किंवा त्याहूनही कमी. याचा सरळ अर्थ असा, की उघड्या बर्फावर दहा टक्क्यांच्या उतारावरच गाडी जेमतेम उभी राहू शकते. आमची गल्ली पंधरा टक्क्यांची. म्हणजे ब्रेक कितीही भारी असो, चारही चाकं जाम झाली तरी गाडी खाली जाणारच! मी हे आप्पांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे त्या उतारावर थांबायची जागाच नाही. मग वेग वरूनच कमी करून निघायचं."

आणि फोर व्हील ड्राइव्ह? ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. एबीएसमुळे चाकं जाम होत नाहीत, त्यामुळे जिथे थोडीफार पकड आहे तिथे स्टिअरिंग ऐकतं. पण नसलेली पकड एबीएस कुठून आणणार? खरा फरक पडतो तो टायरने. तापमान साधारण सात अंशांखाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं, विंटर टायरचं मऊ राहतं. चारही बदलायचे, दोन नाही. आम्ही बदलले.

मग एका रविवारी मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आमची शाळा भरली. माझी गाडी ऑटोमॅटिक. आप्पांनी गिअरच्या खाली लिहिलेला 'एल' बघितला आणि खूश झाले. "हा बघा तुमचा पहिला गिअर. जावईबापू, घाट ब्रेकवर नाही, गिअरवर उतरतात. पण गिअर माथ्यावर टाकायचा, उतारात मध्येच नाही." बरोबरच होतं. बर्फावर उतारात अचानक खालचा गिअर टाकला तर त्या हिसक्यानेच चाकं घसरू शकतात.

घसरल्यावर काय करायचं हेही तिथेच घोटलं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, जायचंय तिकडे बघायचं आणि स्टिअरिंग हळूच तिकडे वळवायचं. खांबाकडे बघितलंत तर खांबच भेटतो! चढताना उलटा हिशेब. पायथ्याच्या सपाटीवर थोडा वेग घ्यायचा, मग पाय एकसारखा ठेवायचा, मध्ये थांबायचं नाही. म्हणूनच पुढची गाडी माथा ओलांडेपर्यंत खालीच थांबायचं. मागून कुणी हॉर्न मारला तर मारू दे.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बातमी आली, दुपारी पाऊस आणि रात्री तापमान शून्याखाली. पाऊस पडून गोठणार. हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण शून्याच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. ऋजुताला अजून नऊ दिवस होते. पालिकेची मिठाची गाडी गल्लीत कधी येईल, नेम नाही.

आप्पांनी डायरी मिटली. "आज रात्री इथे राहायचं नाही."

ऋजुता वैतागली. नऊ दिवस आहेत, उगाच दुसऱ्यांच्या घरी कशाला? आईसुद्धा गप्प होत्या. मी आप्पांच्या बाजूने उभा राहिलो. नदीपलीकडे सपाटीवर राहणाऱ्या एका मित्राला फोन केला आणि पाऊस सुरू व्हायच्या आत, उजेडी, 'एल'मध्ये, पायी चालल्यासारखे खाली उतरलो. सिग्नलपाशी गाडी अलगद थांबली तेव्हा आप्पांनी हाताची घडी सोडली.

पहाटे तीनला ऋजुताने मला हलवून उठवलं. बाहेर झाडं, गाड्या, तारा, सगळ्यावर काच चढलेली. पण समोरचा मोठा रस्ता सपाट होता, त्यावर मीठ पडलं होतं. एरवीचं सहा मिनिटांचं अंतर वीस मिनिटांत कापलं. सकाळी नऊला आमची लेक जन्मली. आमच्या गल्लीत त्या दिवशी दुपारपर्यंत एकही गाडी उतरली नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी आप्पांना म्हटलं, "तुमच्यामुळे वाचलो." ते म्हणाले, "अहो, रस्ता बंद असेल तर गाडी डेपोतच ठेवायची. तीस वर्षं तेच केलं. बिल्ला काय उगाच मिळतो?"

आता आम्ही पुण्यात असतो. २०२० मध्ये अटल टनेल सुरू झाल्यापासून ऑफिसातली निम्मी गँग हिवाळ्यात मनालीला जाते, आणि टनेलच्या दोन्ही तोंडांशी बर्फावर घसरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ दरवर्षी माझ्या मोबाइलवर येऊन पडतात. तुम्हीही निघाला असाल तर जरूर जा. गाडी त्या बर्फाची सवय असलेल्या तिथल्या ड्रायव्हरच्या हाती द्या. स्वतः चालवणार असाल तर उजेडी चालवा, गिअर माथ्यावरच टाका. आणि पोलिसांनी गाडी अडवली तर हुज्जत न घालता मागे फिरा. बर्फ काय, पुढच्या वर्षीही पडणार आहे!