एमसीव्ही ८६

नागपूर

प्रिय ताई,

काल तुझी ओपीडी चालू होती, म्हणून फोनवर नीट बोलता आलं नाही. लिहूनच पाठवते.

सोमवारी एका गरोदर बाईचा सीबीसी माझ्याकडे आला. एमसीव्ही ८६. लाल पेशींच्या सरासरी आकाराचा हा आकडा चांगला, म्हणून थॅलेसेमियाची पुढची तपासणी कुणी लिहिलीच नव्हती. नवरा मात्र सिकलसेलचा वाहक, एएस. मला राहवेना, स्लाइड लावली. मधोमध गडद ठिपका असलेले टार्गेट सेल जागोजागी. मग कळलं, तिच्या एचआयव्हीवरच्या एआरटी गोळ्यांत झिडोव्हुडिन आहे.

हे औषध अस्थिमज्जेत नवा डीएनए तयार होण्यात अडथळा आणतं. पेशी वेळेवर विभागत नाही आणि मोठी होत जाते. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशी मुळात बारक्या, बहुतेकदा ८०च्या खालच्या. औषधाने त्या फुगतात आणि आकडा नॉर्मलमध्ये जाऊन बसतो. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-टू ५.१ टक्के आलं. या औषधाने ए-टू थोडं वर सरकतं, पण एवढं नाही, म्हणजे ती थॅलेसेमियाची वाहकच.

सोल्युबिलिटी टेस्ट तिची निगेटिव्हच होती. ती सिकल पकडते, थॅलेसेमिया नाही. आणि आपल्या विदर्भात सिकलचे वाहक गावोगाव. आईकडून थॅलेसेमिया, बापाकडून सिकल, म्हणजे दर गरोदरपणात चारात एकदा बाळाला दोन्ही. किती जीव तुटतो सांगू!

हल्ली बहुतेकींना टीएलडी ही गोळी मिळते, त्यात झिडोव्हुडिन नसतं. पण ज्यांची औषधं बदलावी लागली, अशा काहींना अजून देतात. गोळी बंद करायला मात्र चुकूनही सांगू नकोस. १९९४च्या अभ्यासात याच औषधाने बाळाला होणारी एचआयव्हीची लागण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणली होती.

आणि कुणी ही गोळी घेते, हे चिठ्ठीवर लिहू नकोस, ती दहा हातांतून फिरते. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने गुप्तता पेशंटचा हक्क आहे. त्यापेक्षा एमसीव्ही कितीही असो, पहिल्याच भेटीत प्रत्येकीची एचपीएलसी लिही. मग कुणाला काही विचारावंच लागत नाही.

त्या बाईला चौदावा आठवडा आहे. गुरुवारी दोघांना समुपदेशनाला बोलावलंय. तुझ्याकडच्या नव्या नोंदींच्या जांभळ्या ट्यूब तोवर पाठवशील? मी थांबेन.

तुझी,
धाकटी